पेन ड्राइव्ह उघडला, तर फायलींच्या जागी शॉर्टकट

संगणक शंका-समाधान

या वेळच्या बहुतेक पत्रांत एकच तक्रार आहे: व्हायरस आला आणि फायली गेल्या. त्यापाठोपाठ प्रश्न येतो, ‘कोणते सॉफ्टवेअर टाकू?’ सॉफ्टवेअरचे नंतर बघू. आधी फाइल लपवलेली आहे, पुसलेली आहे की एन्क्रिप्ट, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणाऱ्या रूपात बंद, झालेली आहे हे ठरवा. तिन्हींचे उपाय वेगळे आहेत, आणि चुकीचा उपाय केला तर शाबूत असलेली फाइलही हातची जाते.

निदान सोपे आहे. ‘धिस पीसी’मध्ये त्या ड्राइव्हवर राइट-क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’ उघडा आणि ‘यूज्ड स्पेस’ पाहा. ड्राइव्ह रिकामा दिसतो आणि वापरलेली जागा मात्र ६-७ जीबी आहे, तर फायली तिथेच आहेत, फक्त लपवल्या आहेत. वापरलेली जागा शून्याच्या जवळ असेल तर त्या पुसल्या आहेत किंवा ड्राइव्ह फॉरमॅट झाला आहे. फायली दिसतात, पण प्रत्येकीच्या नावाला अनोळखी चार अक्षरांची शेपटी लागली आहे आणि एकही उघडत नाही, तर ते रॅन्समवेअर, म्हणजे फायली बंद करून खंडणी मागणारा व्हायरस. ३२ जीबीच्या पेन ड्राइव्हची क्षमता २९.८ जीबी किंवा थोडी कमीच दिसते, त्यात व्हायरसचा हात नाही. कंपनी एक जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरते, विंडोज १०७ कोटी ३७ लाखांहून थोडे जास्त धरते.

कमांड इथे देवनागरीत छापल्या आहेत. टाइप करताना इंग्रजी अक्षरेच वापरा.

प्रश्न : शाळेचा पेन ड्राइव्ह झेरॉक्सच्या दुकानात लावला होता. घरी आणल्यावर ‘निकालपत्रक’, ‘पोषण आहार’ अशा सगळ्या फोल्डरांवर छोटा बाण दिसतोय. क्लिक केलं की फोल्डर उघडतं, पण ज्या संगणकाला लावावा तिथे दुसऱ्यांचे पेन ड्राइव्हही तसेच व्हायला लागलेत. अँटिव्हायरसने एकदा सगळे बाणवाले फोल्डर उडवले, तेव्हा तर ड्राइव्ह रिकामाच झाला.
— प्राथमिक शिक्षिका, सातारा जिल्हा

उत्तर : ड्राइव्ह रिकामा झालेला नाही. अँटिव्हायरसने उडवले ते फोल्डर नव्हतेच, शॉर्टकट होते. खरे फोल्डर अजून आत आहेत.

हा व्हायरस प्रत्येक फोल्डरला ‘हिडन’ आणि ‘सिस्टीम’ असे दोन गुणधर्म चिकटवतो आणि त्याच नावाचा शॉर्टकट बाहेर ठेवतो. शॉर्टकटवर राइट-क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘टार्गेट’ची ओळ वाचा. तिथे फोल्डरचा पत्ता नसून एक कमांड असते: आधी डब्ल्यूस्क्रिप्ट या विंडोजच्या स्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रोग्रॅमकडून अमुक एक व्हीबीएस (आदेशांची स्क्रिप्ट असलेली) फाइल चालवा, मग लपवलेले फोल्डर उघडून दाखवा. फोल्डर उघडते म्हणून कोणाला संशय येत नाही आणि तेवढ्यात संगणक बाधित झालेला असतो. त्या ओळीतले व्हीबीएस फाइलचे नाव कागदावर लिहून घ्या, पुढे लागेल.

क्रम महत्त्वाचा आहे: आधी संगणक साफ, मग पेन ड्राइव्ह. उलट केले तर इकडे तुम्ही फोल्डर बाहेर काढाल आणि तिकडे चालू असलेली स्क्रिप्ट काही सेकंदांत ते पुन्हा लपवेल. ‘कमांड चालत नाही’ असे लिहिणाऱ्या बहुतेकांच्या बाबतीत हेच घडलेले असते.

पेन ड्राइव्ह काढून ठेवा. कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि ‘डिटेल्स’मध्ये डब्ल्यूस्क्रिप्ट किंवा सीस्क्रिप्ट नावाची प्रक्रिया दिसली की ‘एंड टास्क’ करा. मग ‘स्टार्टअप’च्या यादीत लिहून घेतलेले नाव शोधा. विंडोज-आर दाबून ‘शेल:स्टार्टअप’ टाइप केल्यावर उघडणाऱ्या फोल्डरमध्येही पाहा. मूळ फाइल बहुधा ‘ॲपडेटा’तल्या ‘रोमिंग’मध्ये किंवा ‘टेम्प’मध्ये असते. ती पुसा. टास्क शेड्युलरमध्ये दर काही मिनिटांनी डब्ल्यूस्क्रिप्ट चालवणारे काम लावलेले असेल तर तेही काढा. हे सगळे जमणार नसेल तर विंडोज सिक्युरिटीत ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’, तिथून ‘स्कॅन ऑप्शन्स’ आणि ‘मायक्रोसॉफ्ट डिफेंडर ऑफलाइन स्कॅन’ निवडा. संगणक पुन्हा सुरू होऊन, विंडोज पूर्ण उघडण्याआधीच तपासणी होते. साधारण १५ मिनिटे जातात. आधी उघडी कामे सेव्ह करा.

आता पेन ड्राइव्ह लावा, पण त्यावर डबल-क्लिक करू नका. त्याला कोणते अक्षर मिळाले ते बघा. समजा, ई. विंडोज-आर दाबून सीएमडी उघडा आणि ही ओळ टाइप करा:

ॲट्रिब -एस -एच -आर ई:\*.* /एस /डी

‘ॲट्रिब’ची अक्षरे ए-टी-टी-आर-आय-बी. वजा चिन्हाआधी आणि तिरप्या रेघेआधी मोकळी जागा हवी. -एस, -एच, -आर म्हणजे ‘सिस्टीम’, ‘हिडन’ आणि ‘रीड-ओन्ली’ हे गुणधर्म काढा, /एस म्हणजे आतल्या सगळ्या फोल्डरांतही, /डी म्हणजे फोल्डरांनाही लागू. एस आणि एच एकाच वेळी काढावे लागतात. नुसते एच काढू गेलात तर ‘नॉट रिसेटिंग सिस्टीम फाइल’ असे उत्तर येते आणि फाइल आहे तशीच राहते. ३२ जीबीला एक-दोन मिनिटे लागू शकतात, खाली पुन्हा ओळ येईपर्यंत थांबा. मध्येच ‘सिस्टीम व्हॉल्यूम इन्फर्मेशन’साठी ‘ॲक्सेस डिनाइड’ आले तर हरकत नाही, ते फोल्डर विंडोजचे आहे. काळ्या खिडकीत मराठी नावांच्या जागी चौकोन दिसले तरी घाबरू नका. तिथल्या फॉन्टमध्ये देवनागरी नसते, पण कमांड त्या फोल्डरांनाही लागू पडते.

आणि सी ड्राइव्हवर ही ओळ सरसकट चालवू नका. विंडोजने स्वतः लपवलेल्या शेकडो फायली उघड्या पडतात, मग कोणीतरी ‘कचरा’ म्हणून नेमकी हवी ती पुसतो. सीवरचे फोल्डर लपले असतील तर फक्त तुमच्या नावाच्या यूजर फोल्डरापुरती चालवा.

काही ड्राइव्हवर एवढे करूनही फायली दिसत नाहीत, पण नाव नसलेले एक फोल्डर दिसते. या जातीच्या काही व्हायरसांनी सगळा माल एका फोल्डरात टाकून त्याला न दिसणाऱ्या मोकळ्या जागेचे नाव दिलेले असते. एफ२ दाबून त्याला साधे नाव द्या, उघडा आणि आतल्या फायली ‘कट’ करून बाहेर आणा. त्याच ड्राइव्हवर कट-पेस्ट केल्याने डेटा हलत नाही, फक्त नोंद बदलते. म्हणून १० जीबीलाही क्षण पुरतो.

शेवटी उरलेले शॉर्टकट, व्हीबीएस फाइल आणि ऑटोरन डॉट आयएनएफ (ड्राइव्ह लावताच काय चालवायचे ते सांगणारी फाइल) पुसा. मगच फोल्डर उघडा.

प्रश्न : ‘हिडन आयटम्स’वर टिक केली तरी काहीच दिसत नाही. एका फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘हिडन’चा चौकोन करडा झालाय, टिक काढता येत नाही.
— महाविद्यालयीन विद्यार्थी, लातूर

उत्तर : ती टिक साध्या हिडन फायलींसाठी आहे. ‘सिस्टीम’ही लागले की विंडोज ती फाइल स्वतःची समजते आणि तुमच्या हातून बदलू देत नाही, म्हणून चौकोन करडा. ‘फोल्डर ऑप्शन्स’च्या ‘व्ह्यू’मध्ये ‘हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टीम फाइल्स’ची टिक काढा, इशाऱ्याला ‘येस’ म्हणा, म्हणजे फोल्डर फिकट दिसू लागतील. विंडोज ११ मध्ये हे वरच्या तीन टिंबांखाली ‘ऑप्शन्स’मध्ये आहे. पण दिसणे वेगळे, बरे होणे वेगळे. गुणधर्म काढायला वरची ॲट्रिबचीच ओळ लागेल.

सेटिंग बदलून ‘ओके’ केल्यावर ती पुन्हा आधीसारखी होत असेल, तर व्हायरसने रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या नोंदवहीत, ढवळाढवळ केली आहे. ती नोंदवही उघडणाऱ्या रेजएडिटमध्ये एचकी लोकल मशीन, सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, करंटव्हर्जन, एक्सप्लोरर, ॲडव्हान्स्ड, फोल्डर, हिडन, शोऑल या वाटेने जा. तिथे ‘चेक्डव्हॅल्यू’ १ असायला हवी. ती ० केलेली सापडेल. कधी मूळ नोंद पुसून त्याच नावाची चुकीच्या प्रकारची नोंद ठेवलेली असते. ती काढून ‘डीवर्ड’ प्रकारची नवी करा आणि किंमत १ द्या.

‘फोल्डर ऑप्शन्स’मध्ये असताना ‘हाइड एक्स्टेन्शन्स’चीही टिक काढाच, म्हणजे नावामागची फाइलचा प्रकार सांगणारी अक्षरे दिसतील. फोल्डरचे चित्र लावलेली, पण प्रत्यक्षात ईएक्सई, म्हणजे प्रोग्रॅम, असलेली फाइल हा जुना डाव आहे. बाण नसतो, पण ‘डिटेल्स’ दृश्यात प्रत्येक ‘फोल्डर’समोर सारखाच आकार दिसतो. खऱ्या फोल्डरासमोर विंडोज आकार दाखवतच नाही.

प्रश्न : दुकानदाराने ‘व्हायरस काढतो’ म्हणून १६ जीबीचा पेन ड्राइव्ह फॉरमॅट करून दिला. त्यात जमिनीच्या कागदपत्रांचे स्कॅन आणि मुलीच्या साखरपुड्याचे फोटो होते. काही परत मिळेल का?
— शेतकरी वाचक, नांदेड जिल्हा

उत्तर : फॉरमॅट करायला किती वेळ लागला ते आधी विचारा. काही सेकंदांत झाला असेल तर तो ‘क्विक फॉरमॅट’. त्यात फायलींची अनुक्रमणिका तेवढी कोरी होते, मजकूर जागेवरच असतो. क्विकची टिक काढून पूर्ण फॉरमॅट केला असेल, तर विस्टापासून पुढच्या सगळ्या विंडोज प्रत्येक जागी शून्य लिहितात. मग कोणतेही सॉफ्टवेअर, फुकटचे वा महागडे, काही आणू शकत नाही. सुदैवाने दुकानात घाईमुळे बहुधा क्विकच होतो.

फॉरमॅटनंतर त्यावर काही कॉपी केले असेल तर तेवढ्या जागेतला जुना डेटा गेला. इथून पुढे एकही फाइल टाकू नका. ‘स्कॅन अँड फिक्स’ असे विंडोजने विचारले तर नाही म्हणा. परत मिळालेल्या फायली त्याच पेन ड्राइव्हवर सेव्ह करू नका. बचावकार्यातला सर्वाधिक घात इथेच होतो. संगणकावर किमान १६ जीबी मोकळी जागा ठेवा.

फोटो आणि स्कॅनसाठी फोटोरेक वापरा. ते मोफत आहे, टेस्टडिस्कच्या जोडीने मिळते आणि ड्राइव्हवर काही लिहीत नाही, फक्त वाचते. खिडक्यांची सोय असलेली ‘क्यू-फोटोरेक’ आवृत्ती नवख्यांना सोपी जाते. ड्राइव्ह निवडताना आकार पाहून निवडा, नाहीतर तासभर स्वतःचीच हार्ड डिस्क तपासत बसाल. फाइल सिस्टीम (ड्राइव्हवर फायली मांडण्याची पद्धत) विचारल्यावर ‘अदर’ हा फॅट आणि एनटीएफएसवाला पर्याय घ्या. ड्राइव्ह फॉरमॅट झालेला असल्याने ‘फ्री’ नको, ‘होल’ घ्या. फाइल प्रकारांत फक्त जेपीजी, पीडीएफ आणि लागले तर झिप ठेवा. वर्ड-एक्सेलच्या नव्या फायली आतून झिपच असतात. सगळे प्रकार चालू ठेवले तर ब्राउझरचे हजारो बारके तुकडेही येतात आणि हवे ते त्यात हरवते.

निकाल ‘रेकप_डीआयआर’ नावाच्या क्रमांकित फोल्डरांत येतो, एकेकात ५०० फायली. मूळ नावे मिळणार नाहीत. नाव अनुक्रमणिकेत असते आणि तीच पुसली गेली आहे. फोटोरेक मजकुराची सुरुवात ओळखून फायली उचलते. फोटोंमध्ये तारीख आतच असते, त्यावरून लावता येतील. स्कॅन एकेक उघडूनच पाहावे लागतील.

काही फोटो अर्धे बरोबर आणि खाली करडे निघतील. ती फाइल ड्राइव्हवर एका सलग जागी नव्हती, तुकड्यांत होती. तुकडे कसे जोडायचे ही माहिती फॅट तक्त्यात असते आणि फॉरमॅटने तो कोरा होतो. वारंवार पुसून-भरून वापरलेल्या ड्राइव्हवर असे जास्त होते. दुसरा प्रयत्न म्हणून मायक्रोसॉफ्टचेच मोफत ‘विंडोज फाइल रिकव्हरी’ घ्या. ते स्टोअरवर मिळते आणि विंडोज १० च्या २००४ क्रमांकाच्या आवृत्तीपासून चालते. ओळ अशी: विनएफआर ई: डी: /एक्स्टेन्सिव्ह. ई म्हणजे जिथे शोधायचे, डी म्हणजे जिथे ठेवायचे. दोन्ही एकच देता येत नाहीत, आणि ते बरेच आहे.

फायली नुसत्या डिलीट झाल्या असतील, फॉरमॅट झालेला नसेल, तर रेकुव्हा हे पुसलेल्या फायली परत आणणारे सॉफ्टवेअर आधी वापरा. तिथे नावेही बऱ्याचदा परत मिळतात.

याच प्रश्नाला जोडून पुण्याच्या एका वाचकांनी लॅपटॉपच्या सी ड्राइव्हवरून पुसलेल्या फायलींबद्दल विचारले आहे. लॅपटॉपमध्ये एसएसडी (फिरती चकती नसलेली डिस्क) असेल तर आशा फार कमी. फाइल पुसताच विंडोज ‘ट्रिम’ नावाचा आदेश पाठवते आणि एसएसडी ती जागा स्वतःहून रिकामी करते. पेन ड्राइव्ह आणि जुन्या हार्ड डिस्कला सहसा हा आदेश जात नाही, म्हणून तिथे इतका वेळ हातात असतो. हार्ड डिस्क कट-कट वाजत असेल तर मात्र यातले काहीच करू नका. वीज बंद करा. तो बिघाड यांत्रिक आहे आणि प्रत्येक मिनिटाला वाढतो.

प्रश्न : विंडोज नव्याने टाकल्यावर संस्थेच्या इतिवृत्ताच्या वर्ड फायली परत मिळाल्या, पण मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसते. व्हायरसने फायली बिघडवल्या का?
— गृहनिर्माण संस्थेचे सचिव, डोंबिवली

उत्तर : जवळजवळ नक्कीच नाही. बिघडलेली वर्ड फाइल उघडत नाही, तक्रार करते. तुमची उघडते, परिच्छेद जागेवर आहेत, तक्त्यांच्या चौकटी शाबूत आहेत. फक्त फॉन्ट नाही. नवे विंडोज टाकताना तोही गेला.

शिवाजी, कृतिदेव, पुण्याच्या सी-डॅकच्या आयएसएमबरोबरचे फॉन्ट, पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकच्या श्रीलिपीचे फॉन्ट: या सगळ्या जुन्या पद्धतीत संगणक रोमन अक्षरे आणि चिन्हेच साठवतो, देवनागरी फक्त फॉन्टच्या चित्रात असते. फॉन्ट नसला की खालची रोमन अक्षरे उघडी पडतात. युनिकोडमध्ये, म्हणजे मंगल किंवा तत्सम फॉन्टमध्ये टाइप केलेल्या फायलींना ही अडचण येत नाही.

त्या खिचडीवर कर्सर ठेवा आणि वरच्या फॉन्टच्या चौकटीत कोणते नाव आहे ते पाहा. फॉन्ट संगणकात नसला तरी वर्ड त्याचे नाव जपून ठेवते. तोच फॉन्ट टाका, मजकूर जसाच्या तसा दिसेल. जुन्या विंडोजवर नवे चढवताना ड्राइव्ह फॉरमॅट केला नसेल, तर सीमध्ये ‘विंडोज डॉट ओल्ड’ नावाचे फोल्डर असते आणि त्यातल्या ‘विंडोज’च्या ‘फॉन्ट्स’मध्ये तुमचे सगळे जुने फॉन्ट सापडतील. हे फोल्डर साधारण १० दिवसांनी विंडोज आपणहून काढून टाकते, म्हणून आजच पाहा.

एक गोष्ट करू नका: ‘सिलेक्ट ऑल’ करून सगळ्याला मंगल लावून सेव्ह करणे. त्याने देवनागरी तर दिसत नाहीच, उलट मूळ फॉन्टचे नाव पुसले जाते. पुढे युनिकोडमध्ये रूपांतर करायचे तर नाव हवेच, कारण शिवाजी आणि कृतिदेवमध्ये एकाच कळीवर वेगवेगळी अक्षरे आहेत. शिवाय मजकुरात मध्येच खरे इंग्रजी शब्द असतील तर कोणते इंग्रजी आणि कोणते मराठी, हे फॉन्टच्या नावाशिवाय यंत्राला कळत नाही. पेजमेकरमध्ये फाइल उघडताना फॉन्ट बदलण्याचा प्रश्न आला तर तात्पुरता बदल स्वीकारा, कायमचा नको.

प्रश्न : दुकानाच्या संगणकावरच्या सगळ्या फायलींच्या नावापुढे चार अक्षरं लागलीत. प्रत्येक फोल्डरमध्ये ‘रीडमी’ नावाची चिठ्ठी आहे, त्यात ९८० डॉलर मागितलेत, ७२ तासांत दिले तर ४९०. टॅलीचा डेटा, फोटो, सगळं गेलं. एक जण १५ हजारांत काढून देतो म्हणतोय.
— घाऊक व्यापारी, जळगाव

उत्तर : त्या माणसाला आधी थांबवा. वर्णन ‘स्टॉप’ किंवा ‘डीजेव्हीयू’ नावाच्या रॅन्समवेअर कुटुंबाशी जुळते. ते प्रामुख्याने क्रॅक केलेल्या सॉफ्टवेअरमधून आणि फुकटच्या ‘ॲक्टिव्हेटर’मधून शिरते. दुकानाच्या संगणकावर अलीकडे असे काही टाकले गेले का, ते विचारा. दोष देण्यासाठी नाही. ती फाइल अजून तिथे असेल तर आधी ती काढावी लागेल म्हणून.

नेटची वायर काढा. बाहेरच्या डिस्कवर सगळ्या एन्क्रिप्ट फायली, ‘रीडमी’ची चिठ्ठी आणि सी ड्राइव्हवरच्या ‘सिस्टीमआयडी’ फोल्डरातली ‘पर्सनलआयडी’ फाइल जशीच्या तशी उतरवून ठेवा. पुढचे सगळे प्रयोग प्रतीवर करायचे.

आता चिठ्ठीतल्या पर्सनल आयडीची शेवटची दोन अक्षरे पाहा. ती ‘टी१’ असतील तर तुमच्या फायली ‘ऑफलाइन’ किल्लीने बंद झाल्या आहेत, म्हणजे हल्ल्याच्या वेळी व्हायरसला त्याच्या सर्व्हरशी बोलता आले नाही आणि त्याने सर्वांसाठी सारखी असलेली किल्ली वापरली. अशा किल्ल्या मिळाल्या आहेत त्या आवृत्त्यांसाठी एम्सिसॉफ्ट या सुरक्षा कंपनीचा मोफत डिक्रिप्टर (बंद फायली उघडणारे साधन) चालतो. तो त्यांच्याच साइटवरून किंवा ‘नो मोअर रॅन्सम’वरून घ्या. हा प्रकल्प डच पोलीस, युरोपोल आणि सुरक्षा कंपन्यांनी २०१६ मध्ये सुरू केला आहे. इतर ठिकाणाहून नको: २०२० मध्ये याच रॅन्समवेअरचा ‘डिक्रिप्टर’ म्हणून फिरवलेले एक साधन प्रत्यक्षात दुसरे रॅन्समवेअर निघाले. साइट उघडतच नसेल तर फोनवरून उघडून बघा. हा व्हायरस संगणकातली साइटच्या पत्त्यांची ‘होस्ट्स’ फाइल बदलून सुरक्षा कंपन्यांच्या साइट अडवतो.

शेवटी ‘टी१’ नसेल तर किल्ली ऑनलाइन आहे, प्रत्येक बळीसाठी वेगळी. ऑगस्ट २०१९ नंतरच्या आवृत्त्यांत ती गुन्हेगाराशिवाय कोणाकडे नसते. १५ हजारांत जो काढून देतो म्हणतो, त्याला आधी तुमची एक फाइल मोफत उघडून दाखवायला सांगा. तीही अशी, की जिची प्रत दुसरीकडे कुठेच नाही.

तरी एक फट आहे. घाई साधण्यासाठी हा व्हायरस प्रत्येक फाइलचा पहिला सुमारे १५० केबी भागच एन्क्रिप्ट करतो. लहान वर्ड-एक्सेल फायली पूर्णच त्यात जातात, त्यांची आशा सोडा. मोठ्या फायलींचे शेपूट मात्र शाबूत असते. प्रतीच्या नावातली शेवटची चार अक्षरे आणि त्याआधीचे टिंब काढा. एमपी३ बहुतेकदा वाजते. १२८ केबीपीएसला १५० केबी म्हणजे सुरुवातीचे जेमतेम १० सेकंद जातात. मोठी झिप सेव्हन-झिपने उघडली तर पहिली एक-दोन फाइल सोडून बाकीच्या निघतात, आणि तुमच्या टॅलीचा किंवा फोटोंचा जुना झिप बॅकअप पडून असेल तर हेच घबाड. कॅमेऱ्याचे व्हिडिओ ‘मीडिया रिपेअर’ नावाच्या साधनाने दुरुस्त होऊ शकतात, पण त्यासाठी त्याच कॅमेऱ्याने त्याच सेटिंगवर काढलेला एक धड व्हिडिओ नमुना म्हणून लागतो.

इथे रेकुव्हाचा फारसा उपयोग नाही. हा व्हायरस फाइलवरच लिहितो, मूळ पुसून नवी करत नाही. विंडोज आपणहून ठेवते त्या जुन्या ‘शॅडो’ प्रतीही तो आधीच उडवतो.

हिशेब उभे करायला दुसऱ्या वाटा आहेत. वर्षअखेरीला सीएकडे दिलेला टॅलीचा बॅकअप त्यांच्याकडे बहुधा असतो. भरलेली विवरणपत्रे आणि खरेदीचे २बी विवरण जीएसटी पोर्टलवरून उतरवता येते, उताऱ्यांसाठी बँक आहेच. फायली गूगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्हशी जोडलेल्या असतील तर वेबवर जाऊन जुन्या आवृत्त्या पाहा, दोन्हीकडे साधारण ३० दिवसांची मुदत धरून चाला. आणि याच व्हायरसबरोबर बहुतेकदा पासवर्ड चोरणारे दुसरे पिल्लू येते. बँक, जीएसटी, ईमेल यांचे पासवर्ड दुसऱ्या संगणकावरून आजच बदला. खात्यातून पैसे गेले असतील तर सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर लगेच फोन करा.

प्रश्न : अँटिव्हायरसने पगारपत्रकाची एक्सेल फाइल ‘व्हायरस’ म्हणून काढून टाकली.
— पतसंस्थेतील कर्मचारी, सांगली

उत्तर : काढून टाकली म्हणजे बहुधा ‘क्वारंटाइन’ केली, वेगळी कोंडून ठेवली. विंडोज सिक्युरिटीच्या ‘प्रोटेक्शन हिस्टरी’त ती नोंद उघडा, ‘ॲक्शन्स’मध्ये ‘रिस्टोअर’ आहे. इतर अँटिव्हायरसमध्येही ‘क्वारंटाइन’ नावाची यादी असतेच. रिस्टोअर करण्याआधी नेट बंद करा. फाइल एक्सेलमध्ये न उघडता लिब्रेऑफिसमध्ये मॅक्रो (फाइलमधले आपोआप चालणारे आदेश) बंद ठेवून उघडा आणि ‘एक्सएलएसएक्स’ प्रकारात सेव्ह करा. या प्रकारात मॅक्रो राहूच शकत नाही, त्यामुळे मॅक्रो व्हायरस गळून पडतो आणि आकडे-सूत्रे राहतात. पगारपत्रक मॅक्रोवरच चालत असेल तर ते मॅक्रो मात्र नव्याने लिहावे लागतील.

प्रश्न : घरात एकच संगणक, तोच बाधित. स्वच्छ संगणक कुठून आणायचा?
— वाचक, रत्नागिरी

उत्तर : खिशात आहे. पेन ड्राइव्ह ओटीजी जोडणीने अँड्रॉइड फोनला लावा. व्हीबीएस आणि शॉर्टकट तिथे चालत नाहीत आणि विंडोजचे ‘हिडन’ अँड्रॉइड जुमानत नाही. फाइल मॅनेजरमध्ये सगळे फोल्डर दिसतील, हवे ते फोनमध्ये उतरवून घ्या. ड्राइव्ह एनटीएफएसमध्ये असेल तर काही फोन तो वाचणार नाहीत. उबुंटू (विंडोजऐवजी चालणारा लिनक्सचा एक प्रकार) पेन ड्राइव्हवरून सुरू केला तरी हेच साधते.

प्रश्न : आमचंच झेरॉक्स सेंटर आहे. दिवसाला पन्नासेक पेन ड्राइव्ह लागतात. गिऱ्हाइकं आम्हालाच बोल लावतात.
— व्यावसायिक, कोल्हापूर

उत्तर : बोल लावतात ते अगदीच विनाकारण नाही, पण उपाय आहे. दुकानात स्क्रिप्ट चालवायची गरज नसते, म्हणून विंडोज स्क्रिप्ट होस्टच बंद करा. रेजएडिटमध्ये एचकी लोकल मशीन, सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज स्क्रिप्ट होस्ट, सेटिंग्ज इथे ‘एनेबल्ड’ नावाची डीवर्ड नोंद करून किंमत ० द्या. व्हीबीएस जातीचे शॉर्टकट व्हायरस मग डबल-क्लिक करूनही चालत नाहीत. ऑटोप्ले बंद ठेवा, एक्स्टेन्शन दिसू द्या. सी-डॅकचे ‘यूएसबी प्रतिरोध’ हे मोफत साधन सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या साइटवर मिळते. कोणता पेन ड्राइव्ह लागू द्यायचा यावर त्याने नियंत्रण ठेवता येते.

सगळ्यात चांगले म्हणजे पेन ड्राइव्ह लावायला एक जुना संगणक लिनक्सवर ठेवा आणि छपाई तिथूनच करा. श्रीलिपी किंवा शिवाजीतल्या फायलींसाठी विंडोज लागेल, पण गिऱ्हाइकाने पीडीएफ आणली तर तोही प्रश्न नाही. दारावर ‘पीडीएफ ईमेल किंवा व्हॉट्सॲपवर पाठवा’ अशी पाटी लावली तर पन्नासाचे दहा होतील.